पिंट्याचे केस गळण्याची कारणं

प्राण्यांच्या दवाखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत, ते कपड्यांना चिकटून आपोआप घरी येतात. कुत्र्यामांजरांचे मी जेवताना नवऱ्याला सांगते आणि विसरून जाते. शुगर ग्लायडरचे मात्र सांगत नाही. एकदा सांगितला, तर तो ताट उचलून हॉलमध्ये टीव्हीसमोर जाऊन बसला. म्हणून तुम्हाला सांगते.

ज्यांनी हा प्राणी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: खारीएवढा जीव, चेहऱ्याच्या मानाने डोळे फार मोठे. हातपाय ताणले की कुशीतला कातडीचा पडदा उघडतो आणि तो उंचावरून तरंगत आपल्या माणसाच्या अंगावर उतरतो. दिवसभर कापडाच्या पिशवीत झोपतो, आणि सुरतेत कापडाला काय तोटा! हल्ली इथे बरेच जण पाळतात, आणि पर्वत पाटियाच्या माझ्या दवाखान्यात बहुतेक एकाच तक्रारीने येतात. केस गळतात.

त्यातला पिंट्या लताबाईंचा. लताबाई अमळनेरकडच्या, म्हणजे माझ्या माहेरच्याच म्हणा. त्यांचे यजमान राजूभाऊ कापड मार्केटात पॅकिंगला होते. शेठच्या मुलीने हौसेने आणलेला पिंट्या तिला कंटाळा आल्यावर भाऊंच्या शर्टाच्या खिशात आला आणि खिशातच राहिला. हिवाळ्यात भाऊ काम करता करता गेले. थोड्याच दिवसांत पिंट्याच्या शेपटीच्या मुळाशी टक्कल दिसायला लागलं, मग पोटावर. तो स्वतःचे केस स्वतः उपटत होता. उपटणारा ग्लायडर केसांवर थांबत नाही, पुढे मांसाला दात लावतो, आणि मग आमच्या हातात फारसं काही राहत नाही. हे मी लताबाईंना सरळ सांगितलं.

"ताई, पोरगी धुळ्याला सासरी," त्या म्हणाल्या. "घरमा मी नि हाऊच. हाऊ गया म्हंजे त्या बी पुरा गयात." हाऊ म्हणजे पिंट्या, त्या म्हणजे भाऊ.

जुनी एक्स-रे फिल्म कापून मी पिंट्याच्या गळ्यात कॉलर घातली. दुसऱ्या दिवशी त्याने ती काढली. त्यानंतर दवाखान्यात टक्कल पडलेला कोणताही ग्लायडर आला, की त्याला जे झालंय ते पिंट्याला आहे का, हे मी बघायला लागले.

*

कतारगामचा एक रत्नकलाकार आला. हिरे पारखणारा माणूस, डोळ्याला आयग्लास लावूनच त्याने ग्लायडरचं डोकं तपासलं होतं. डोक्याच्या बरोबर मधोमध टक्कल. कांद्याचा रस चोळून झाला होता, आईने मिठाने नजर काढून झाली होती.

मी हसले. म्हटलं, "भाई, हा नर आहे. वयात आला की तिथे वासाची ग्रंथी येते. ती तो आपल्या माणसांना घासतो, तुम्ही आमचे म्हणून. केस जाणारच. हा आजार नाही."

माणसाचा चेहरा उजळला. मग त्याने दुसरी पिशवी उघडली.

"पण मॅडम, मग हिला पण कशी आली?"

मादीच्या डोक्यावर तसाच डाग होता, तसाच गोल, त्याच जागी. मादीला ती ग्रंथीच नसते. मी दोघांना टेबलावर ठेवलं. मादी आपणहून पुढे आली, डोळे मिटले आणि मान खाली घातली. नराने अगदी सावकाश तिच्या डोक्यावरचा एक एक केस दाताने काढायला सुरुवात केली. ती हलली नाही. जोडीदाराने असे केस काढणं पुस्तकात आहे, पण तिचं ते मान खाली घालणं पुस्तकात नाही.

पिंट्या एकटाच होता, त्यामुळे ते कारण बाद झालं. त्याला जोडीदार आणा असं मी सुचवलं. लताबाई म्हणाल्या, "दुसरा काय वळखी त्यासले?" त्यासले म्हणजे भाऊंना.

*

सुरतेबाहेरच्या सचिन गावाहून एका मिलमधला कामगार आला. त्याच्या ग्लायडरचे पंजे आणि पोट साफ उघडे होते, आणि कातडीवर निळसर झाक. मी पिशवी मागितली. मिलमधून आणलेलं प्रोसेसचं, म्हणजे नुकतंच रंगवून निघालेलं कापड, एकदाही न धुतलेलं. नाकाजवळ नेलं तर डोळ्यांत पाणी आलं.

"हे कापड आधी फेका," मी म्हणाले. "केमिकलने केस गेलेत."

मग त्याने वाकून स्वतःच्या पँटच्या दोन्ही मोहऱ्या गुडघ्यापर्यंत गुंडाळल्या. नडग्या गुळगुळीत, लहान बाळासारख्या.

"आमच्या खात्यात सगळ्यांचे असेच आहेत," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, वयामुळे."

त्याला मी माणसांच्या डॉक्टरकडे पाठवलं. मनात राहिला आहे तो अजून. पिंट्याची पिशवी मी त्याच संध्याकाळी मागवली. ती भाऊंच्या जुन्या शर्टाची होती, मऊ, स्वच्छ. केमिकल नव्हतं.

*

बुरशीचा प्रकार त्या मानाने हलका. कॉलेजातला एक मुलगा ग्लायडर घेऊन आला, कानामागे गोल चट्टा. आम्ही खोलीत अंधार करून निळा दिवा लावतो. काही जातींची बुरशी त्यात हिरवी चमकते.

भरतभाईने ट्यूब बंद केली. भरतभाई माझा मदतनीस, मूळचा सुरती, घाबरला की गुजराती बोलतो. दिव्यात ग्लायडरचा कान हिरवा चमकला. मी दिवा वर नेला तर त्या मुलाची अर्धी दाढी चमकली. ग्लायडरला तो हनुवटीशी घेऊन झोपवायचा म्हणे. मी म्हटलं, चला, दोघांनाही मलम. तेवढ्यात अंधारातून भरतभाईचा बारीक आवाज आला.

"मॅडम, मारो हाथ जुओ तो."

त्याचा पंजा हवेत नुसताच हिरवा तरंगत होता! भरतभाईने आठवडाभर घरी लेकीला कडेवर घेतलं नाही. पिंट्याला मात्र दिव्याखाली धरलं तर तो काळाचा काळाच राहिला. चमकले ते फक्त त्याचे डोळे, आणि ते माझ्याकडे नव्हते, दाराकडे लागलेले होते.

*

सोसायटीतल्या एका मुलीचा ग्लायडर एकटा होता. हे प्राणी कळपातले, एकटे पडले की स्वतःला कुरतडतात. तिने इंटरनेटवर वाचून पिंजऱ्यात आरसा लावला, सोबत म्हणून. तर याचे केस आणखी जायला लागले. मी म्हटलं, आरसा काढ. तिने काढला, आणि केस हळूहळू आले.

तपासणीला आली तेव्हा खूश होती. जाता जाता दारात थांबली.

"मॅडम, एक विचारू? आरसा होता त्या भिंतीकडे बघून तो अजून भुंकतो. बारीक भुंकतात ना ते, तसा. मग थांबतो, कान वळवतो. मग परत भुंकतो."

"सवय असेल," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "पण तो मधे थांबतो ना, ते मोजून तेवढंच असतं. समोरच्याचं बोलून होईपर्यंत थांबतो तसं."

*

त्या मुलीने मला पिंट्याचं कारण दिलं, तिला माहीत नसेल. एकटेपण. पण घरात लताबाई होत्या, भाऊंच्या शर्टाची पिशवी होती. मग एकटेपण कसलं? मी लताबाईंना विचारलं, ही पिशवी कधी धुतलीत?

"सुतक फिटनं तवय," त्या म्हणाल्या. "समदं धुई टाकं, ताई. गोधड्या, उशा, पडदे. हाई बी. साबनमा उकळी काढी."

आपल्याकडे रीतच आहे. दहाव्याला घर धुवायचं, गेलेल्याचे कपडे तापीत सोडायचे नाहीतर देऊन टाकायचे. लताबाईंनी सगळं नीट, मन लावून केलं होतं. आणि ग्लायडर माणूस ओळखतो वासावरून. आपल्या हिशेबाने भाऊ काम करता करता गेले. पिंट्याच्या हिशेबाने ते पिशवी उकळली त्या दिवशी गेले.

"त्यांचं न धुतलेलं काहीच नाही का?" मी विचारलं. त्या रडायला लागल्या. घरात काहीच राहिलं नव्हतं, गाडीसुद्धा विकून झाली होती. त्या गेल्या, आणि मला वाटलं आता पिंट्याही जाणार.

दुसऱ्या दिवशी धापा टाकत आल्या, हातात भाऊंचं हेल्मेट. दारामागच्या खिळ्याला टांगलेलं, कोणाला सुचलंच नव्हतं. आतल्या अस्तराला घामाचा, खोबरेल तेलाचा, माणसाचा वास. केस पिंट्याच्या नखांत अडकतील म्हणून मी आणि भरतभाईने भिंगाखाली चिमट्याने अस्तरातला प्रत्येक केस काढला. आखूड केस, टोकापासून मुळापर्यंत काळेभोर. लताबाईच त्यांना दर रविवारी कलप लावून द्यायच्या. मग पिंट्याला आत सोडलं. त्याने अस्तरात नाक खुपसलं, एकदा गोल फिरला आणि झोपला. भरतभाई हात धुवायच्या निमित्ताने आत गेला, ते बराच वेळ आला नाही.

उन्हाळ्यापर्यंत पिंट्याचे केस आले. परवा लताबाई दाखवायला आल्या तेव्हा शेपूट भरगच्च, पोट मऊ, कुठे एक खूण नाही. मी इतकी आनंदले की त्यांचा हात धरला. म्हटलं, लताबाई, जिंकलात तुम्ही, आता औषध नको, काही नको.

त्या उठल्या नाहीत. पिंट्याला त्यांनी ओढणीत घेतलं आणि हेल्मेट माझ्याकडे सरकवलं. अस्तरावर केस होते. पिंट्याचे राखाडी असतात. हे आखूड, काळे, माणसाचे. मी एक चिमट्याने उचलून भिंगाखाली धरला. काळा होता, पण मुळाशी नखभर पांढरा. कलप लावून बरेच दिवस झाले की दिसतो तसा.

"हेल्मेट कोणी घालतं का?" मी विचारलं.

"कोन घाली, ताई? मी एकलीच तं शे."

भरतभाई चिमटा घ्यायला पुढे आला होता, तो तिथेच उभा राहिला. लताबाईंच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हाची ती काळजीच होती.

"रोज सकायले ऱ्हातस," त्या हळूच म्हणाल्या. "पिंट्याना बंद व्हयनात, ताई. आते त्यासना गळी ऱ्हायनात. काही औषध शे का?"