कापलेली चाळीस सेकंदं

देवीकडे खरं मागायचं की माझ्या बाजूचं, हेच त्या दिवसांत मला कळत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ज्या मुलींना डांबून ठेवलं आणि ज्यांच्यावर रोज अत्याचार केले, त्यांच्यावर आमचा कॉलेजचा गट माहितीपट करत होता. संकलन माझ्याकडे होतं. त्यात एका कोरियन आजींची जुनी मुलाखत होती. आपल्याला नेलं तेव्हा वय पंधरा होतं, असं त्या आधी सांगतात. पुढे सतरा म्हणतात. असं काही घडलंच नाही म्हणणारे लोक नेमकं एवढंच धरून अशा बायकांना खोटं ठरवतात. म्हणून 'सतरा' असलेली चाळीस सेकंदं मी कापून टाकली. आम्हाला मार्गदर्शन करणाऱ्या सरांनाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात फिल्म दाखवायची होती.

गावाहून निघताना देवीपुढे हात जोडले. "तूच बघ," एवढंच म्हणता आलं.

जाम गावच्या चौकात बस बदलायची होती, पण कॉलेजकडे जाणारी वर्ध्याची बस येईना. मी मोबाइलवर तोच भाग बघत बसले. शेजारी संत्र्यांची पिशवी घेऊन बसलेल्या एक मावशी वाकून बघू लागल्या.

"काय सांगून राह्यली वं ते बुढी?"

मी लाजत, अडखळत सांगितलं. कापल्याचंही सांगून टाकलं, का कोण जाणे.

मावशींनी संत्र्यांची पिशवी बाजूला सरकवली. "माही पोरगी गेली तवा तीन वर्साची होती का चार, मले नाई सांगता येत. माही जाऊ म्हणते, कशी माय आहेस तू, पोरीचं वय नाई ठाऊक. पण तिच्या अंगात हिरवं झबलं होतं. ते नाई चुकत." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्या बुढीचं तोंड काऊन दाबलं तू?"

माझी बस आली. त्यांना हिंगणघाटकडे जायचं होतं. मी नावही विचारलं नाही.

संध्याकाळी सरांना सगळं सांगून ती सेकंदं परत जोडली. दुसऱ्या दिवशी फिल्म संपल्यावर मागच्या रांगेतून एका गृहस्थांनी विचारलंच, "यातलं खरं वय कोणतं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "त्यांनी दोन्ही सांगितली, म्हणून दोन्ही ठेवली."

ते हसून खाली बसले. त्यांना काय वाटलं, कळलं नाही. मावशींना देवीने पाठवलं का, तेही मला सांगता येत नाही. मी फक्त त्या आजींचं बोलणं पुरतं ऐकू दिलं. कोण मानेल, कोण नाही, हे देवीवर सोपवल्यापासून मला झोप लागते, आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.