चुकीच्या पासवर्डने उघडलेलं गोदाम

त्या प्रकरणाचा विषय निघाला की माझं डोकं अजूनही तापतं. शिवडीच्या एका गोदामातून औषधांची खोकी परस्पर बाहेर गेली होती. आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, "गेटपास बनवणाऱ्या बाईला धरा." मालकही तेच म्हणत होते, कारण त्या मालाचा गेटपास कॉम्प्युटरवर तिच्याच लॉगिनने निघाला होता.

मुलगी करी रोडची, घरात एकटी कमावती. महिला शिपायासमोर मी तिचा जबाब घेतला.

"पासवर्ड कुणाला दिलात?"

"कुणालाच नाही, साहेब."

हेच उत्तर तिला अडकवत होतं. बाहेर बाकड्यावर बसलेली तिची आई दिसेल त्या शिपायाला सांगत होती, "माजा चेडू तसला नाय, सायबानू." अटकेचे कागद तयार होत आले होते.

पंचनाम्यासाठी तिला गोदामात नेलं आणि पंचांसमोर लॉगिन करायला सांगितलं. तिने घाईघाईत पासवर्ड टाकला. एंटर दाबलं आणि ती दचकली. "साहेब, पासवर्ड चुकीचा पडला!" तरी गेटपासचा स्क्रीन उघडला होता. मग मी स्वतः 'बटाटावडा' असा पासवर्ड टाकला. तरी उघडला!

कंपनीच्या इंजिनिअरला समोर उभं केलं. आधी त्याने सगळं खापर जुन्या सर्व्हरवर फोडलं. मी आवाज चढवल्यावर गाडी रुळावर आली.

"सर, नवीन सर्व्हरवर लिनक्सचं व्हर्जन वेगळं आहे. लॉगिन कसं तपासायचं ते सांगणारी फाईल त्यात भलत्याच फोल्डरमध्ये असते. मी जुन्याच जागी बदल करत बसलो. कुणाचंच लॉगिन होईना, ऑफिस बोंबलायला लागलं. खरी फाईल सापडली, तेव्हा तात्पुरतं 'ट्रस्ट' टाकलं."

"म्हणजे काय?"

"डेटाबेस पासवर्ड तपासतच नाही. नाव टाका, आत या."

"तात्पुरतं कधीपासून?"

"गणपतीपासून."

होळी तोंडावर आली होती! मी कपाळावर हात मारून घेतला. या शहाण्याच्या आळसापायी एक निरपराध मुलगी कोठडीच्या दारात उभी होती.

नशिबाने लॉगिन कुठल्या कॉम्प्युटरवरून झालं, हे सर्व्हर टिपून ठेवत होता. माग काढत आम्ही थेट गोदामाच्या सुपरवायझरच्या केबिनमध्ये पोचलो. त्याचाही पासवर्ड एकदा चुकला होता, आणि हे उघडं दार त्याला तेव्हाच कळलं होतं. निनावी फोनही त्याचाच निघाला. दुपारभर टोलवाटोलवी करून शेवटी तो कबूल झाला.

तेव्हापासून एक पक्कं ठरवलं. कुणी कुलपाकडे बोट दाखवून माणसाला चोर म्हणू लागला, तर आधी ते कुलूप ओढून पाहायचं.

काही दिवसांनी त्या मुलीचा ठाण्यात फोन आला. "साहेब, आज मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला," एवढं बोलून ती रडायलाच लागली. "नाही उघडलं."