न्हाणीच्या चुलीतली पुस्तकं

मिरजोळ्याला आमच्या घरामागच्या शेतात पेरणीआधीची भाजावळ पेटली की धूर माझ्या पुस्तकांच्या कपाटापर्यंत येतो आणि मला बाबांचा हात आठवतो.

मी सतरा वर्षांची होते. आलेल्या स्थळाला मी नाही म्हटलं. बाबांनी केस धरून मला न्हाणीत ओढत नेलं, भिंतीवर डोकं आपटलं आणि ते माझी पुस्तकं एकेक करून चुलीत टाकायला लागले. "हीच शिकवतात ना तुला उलट बोलायला?" मी आगीत हात घातला, तर त्यांनी जळत्या लाकडाने मनगटावर मारलं.

तेवढ्यात आईने चुलीवरचा हंडा उपडा केला. उकळतं पाणी निखाऱ्यांवर आणि बाबांच्या पायांवर पडलं. ते किंचाळत अंगणात पळाले. त्या क्षणी मला आईचीच भीती वाटली. तीही माझ्याआधी कितीतरी वर्षं मार खात आली होती, हा विचार तेव्हा मनात आलाच नाही.

आगीतून एकच पुस्तक वाचलं, तेही कडा जळालेलं. आई माझ्याजवळ बसली. तिला अक्षरओळख नव्हती.

"वाच गो," ती म्हणाली, "कशासाठी एवढा मार खाल्लास ते मलाही कळू दे."

भाजलेल्या हाताने पान उलटून मी मोठ्याने वाचायला लागले. अजूनही मला मनातल्या मनात वाचता येत नाही.