माइनुंग आहे, श्टिमे नाही
जर्मनीतल्या येनात पीएचडी करत असताना आम्ही काही जण शनिवारी सकाळी बाजारचौकात टेबल मांडायचो. मागणी साधी होती: दुरुस्त करता येतील अशीच यंत्रं बनवावीत, असा कायदा युरोपभर व्हावा. निदान सात देशांतून मिळून दहा लाख सह्या झाल्या की ब्रसेल्सला अशा मागणीला उत्तर द्यावंच लागतं. पत्रक मी लिहिलं होतं. माझे वडील कामगारांची पत्रकं घरातच छापायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली, त्यामुळे पहिल्या ओळीत माणसाला कसं थांबवायचं हे मला ठाऊक होतं. जर्मन मात्र कच्चं.

पहिल्याच शनिवारी एका आजींना म्हणाले, "तुमचं मत द्या." मतासाठी शब्द वापरला माइनुंग. आजी खूश झाल्या. वॉशिंग मशीन, जावई, पेन्शन, सगळ्यावर त्यांनी भरभरून मत दिलं आणि सही न करताच निघून गेल्या.

माझा लॅबमधला लिथुआनियाचा सहकारी शेजारी सॉसेज खात हसत होता.

"अगं, माइनुंग म्हणजे नुसता विचार. मोजतात ती श्टिमे."

"आमच्याकडे दोन्हीला मतच म्हणतात."

"मग फार गोंधळ होत असेल."

"होतो. पण आमच्या आजी आधी सही करतात, मग बोलतात."

"जा, जा. पेन दे."

पत्रक न वाचताच त्याने सही ठोकली. कागदावर मोहरीच्या चटणीचं बोट उमटलं. त्याला येनात येऊन दोन महिने झाले होते, मला तीन वर्षं. मी पुढच्या ओळीत नाव, पत्ता, जन्मतारीख सुवाच्य अक्षरात लिहिली. मग आला नागरिकत्वाचा रकाना. सही धरतात ती फक्त युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांची.

"जर्मन लिहून टाक. कोण बघतंय?" तो म्हणाला.

हात शिवशिवला. पण एका खोट्या सहीने बाकीच्यांच्या खऱ्या सह्यांवरही संशय येतो, हे वडिलांनी मला अनेकदा ऐकवलं होतं. मी 'भारतीय' लिहिलं. टेबल सांभाळणाऱ्या बाईंनी हळहळत पट्टी घेतली आणि माझ्या ओळीवर सरळ रेघ मारली.

त्या दिवसापासून मला त्याचा हेवा वाटू लागला. त्याच्या हुशारीचा नाही, प्रबंधाचा नाही. त्या बेफिकीर सहीचा.

सोमवारी लॅबमध्ये तो सहज म्हणाला, "काल मी ऑनलाइनही सही केली. दोन झाल्या, चालेल ना?"

"एकच धरतात," मी दात-ओठ खात म्हणाले. "दुसरी वाया."

"मग जादाची तू घे!"

सगळे हसले. मी हसले नाही. तत्त्वं, पत्रकं, वडील, सगळं खरं. पण तशी घेता आली असती, तर मी ती तिथल्या तिथे घेतली असती.