काठीला लागलेला दुसरा हात

सबुरीचे फळ गोड असते, असे सांगणाऱ्यांनी सबुरी बहुधा दुसऱ्याचीच पाहिलेली असते. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या त्या धाकट्या भावाला हे वाक्य आता ऐकवत नाही.

त्याचा थोरला भाऊ, दादा, जन्मभर मालवाहू गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करीत राहिला. हौस एकच: खोल समुद्रात जाऊन स्वतःच्या हाताने मोठा ट्यूना ओढायचा. आधी आईचे अंथरूण, मग मुलींची लग्ने. सवड मिळाली तेव्हा हृदय निम्मे निकामी झाले होते. डॉक्टरांनी नको म्हटले. दादाने ऐकले नाही. धाकट्याने दुकानाला कुलूप लावले आणि सोबत गेला.

बोटीवर एक कडक रीत होती. मासा गळाला लागल्यावर काठीला दुसऱ्याचा हात लागला, तर तो मासा कोणाच्याच नावावर लागत नसे.

किनारा दिसेनासा होऊन बरेच दिवस लोटले. इतर हौशी लोक कंटाळून आत पत्ते कुटत बसले. दादा मात्र कठड्याशी उभा. गळाला लावलेली जिवंत मासळी मलूल झाली की बदलायची, पुन्हा सोडायची.

"काका, तुम्ही आल्याचं त्या माशाला कळवलंत ना?" आचारी खवचटपणे म्हणाला.

"कळवलंय. तोंड धुऊन येतोय तो," दादा म्हणाला.

परतायच्या आदल्या दुपारी काठीवरचे रीळ किंचाळले. दादाने काठी कमरेच्या पट्ट्यात रोवली. दोर जाई, दादा गुंडाळी, पुन्हा जाई. घामाने सदरा पाठीला चिकटला.

"दादा, बसून ओढ रे."

"बसून जेवतात. तू बाजूला हो."

अखेर मासा बोटीखाली घिरट्या घालू लागला. त्याची रुपेरी कूस दिसली. तेवढ्यात दादाचे गुडघे वाकले, काठीचे टोक खाली गेले.  धाकट्याने झेप घेऊन काठी धरली.

मासा वर आला. असा मासा कप्तानानेही क्वचितच पाहिला होता. पण मासा कोणाचा ते लिहायच्या पाटीवर खडू टेकवलेला त्याचा हात थांबला. "काका, नियम आहे."

"असू दे," दादा म्हणाला. मग भावाकडे न पाहता, हळूच, "पडत नव्हतो रे मी. वाकत होतो. असं वाकलं की दोर सैल पडतो, तेवढ्यात गुंडाळायचा असतो."

घरी आल्यावर मात्र दादाने सर्वांना सांगितले, "मी कोसळत होतो. यानं धरलं, म्हणून वाचलो."

दोन महिन्यांत तो गेला. समाचाराला आलेली वहिनींची मोठी बहीण धाकट्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "भाऊ असावा तर तुमच्यासारखा."

वहिनींनीही मान डोलावली. खरे सांगावे तर दादा खोटा पडे. न सांगावे तर ही शाबासकी घ्यावी लागे. त्याने मान खाली घातली आणि शाबासकी घेतली.