साडूभाऊंच्या रानातला माणूस

झाडाच्या सालीपायी स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस विसरणारा माणूस अख्ख्या नव्या मुंबईत एकच होता, आणि तो नेमका माझ्याच नशिबी साडू म्हणून आला. नेरूळला तेव्हा इमारती कमी आणि इमारतींच्या पाट्या जास्त होत्या. आम्ही दोघं एकाच सोसायटीत राहायचो, मी खाली, ते वर. आठवडाभर साडूभाऊ न्हावा शेव्याच्या बंदरावर एका कचेरीत कस्टमची कागदपत्रं करायचे आणि इतके सरळ वागायचे की शेजाऱ्यांना त्यांचा हेवा वाटावा. रविवार उजाडला की मात्र अंगात यायचं. सकाळी साडेसहाला ते माझ्या दाराची बेल दाबून धरायचे. महाप्याच्या कारखान्यात सहा दिवस राबून मला एक रविवार मिळायचा, तो हा इसम कॅमेऱ्याची तिपाई मांडीवर धरून स्कूटरच्या मागे बसण्यात घालवायला लावायचा. नाही म्हणायची सोय नव्हती. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा तो, नाही म्हटलं तर घरात आठवडाभर पोळ्या जाड आल्या असत्या.

जायचं कुठे, तर द्रोणागिरीच्या पायथ्याच्या रानात. फोटो कसले, तर झाडांचे. पण झाडाचा फोटो म्हणजे पानं, फांद्या, वर आभाळ असं तुमच्याआमच्या मनात जे येतं त्यातलं काही नाही. साडूभाऊ ऐनाच्या बुंध्याला कॅमेरा जवळजवळ चिकटवायचे आणि सालीच्या भेगा टिपायचे. दोन खोडांमधली फट, वाळलेल्या वेलीची कड, काटेसावरीच्या काट्याची सावली, बस. "फोटोत झाड ओळखू आलं की तो फोटो राहत नाही, सातबारा होतो," असं त्यांचं म्हणणं. एका गणपतीत त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात प्रदर्शन भरवलं. सेक्रेटरी एका फोटोपुढे बराच वेळ मान वाकडी करून उभे राहिले आणि भीतभीत म्हणाले, "साहेब, हा उलटा तर नाही ना लागला?" साडूभाऊ खुशीत म्हणाले, "उलटाच लावलाय. सुलटा लावला तर झाड दिसेल." दुसऱ्या दिवशी प्रदर्शन आवरावं लागलं, कारण आरतीला आलेली लहान पोरं त्या भिंतीकडे बघून भोकाड पसरायला लागली होती.

पोरांचं सोडा, मीही त्या फोटोंकडे संध्याकाळनंतर बघत नसे. साडूभाऊ फोटो घरीच धुवायचे, बाथरूममध्ये. खिडकीला काळा कागद, लाल दिवा, कमोडवर फळी आणि फळीवर एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडायचं यंत्र. रविवारी बाराच्या आत ज्याची आंघोळ झाली नाही त्याला सोमवारच. कागदावर उजेड पडत असताना ते मधे हात नाचवायचे, वाळवणावरचे कावळे हाकलावेत तसे. जिथे हात आडवा आला तिथे फोटो उजळ राहायचा, जिथे जास्त उजेड दिला तिथे काळाकुट्ट व्हायचा. ओले फोटो मग बैठकीतल्या दोरीवर टांगले जायचे. एकदा सासूबाई राहायला आल्या होत्या. त्या बिचाऱ्या पहाटे पाणी प्यायला उठल्या आणि दोरीखाली थबकल्या. "जावईबापू, हे काय टांगलंय हो घरात? डोळे आहेत त्याला." साडूभाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. "दिसले ना तुम्हाला? मला वाटत होतं, मलाच दिसतात." सासूबाई त्याच दिवशी खाली आमच्याकडे मुक्कामाला आल्या.

या माणसाचा सगळ्यात कडक नियम म्हणजे फोटोत माणूस नको. "माणूस आला की सगळे त्यालाच बघतात, सालीकडे कोण बघतं?" स्वतःच्या पोरीच्या बारशाचे फोटो काढायला सांगितले तर त्यांनी पाळण्याच्या दोरीचा पीळ टिपून आणला. ताई, म्हणजे त्यांची बायको, त्यावर अजून बोलते. पण रानात हा नियम पाळणं कठीण होतं, कारण तिथे एक म्हातारा होता.

पायथ्याच्या गावातला होता तो. डोक्याला टॉवेल, हातात कोयता, आणि अंगात धुतलेला पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. पहिल्यांदा दिसला त्या दिवशी खाडीवरून धुकं आलेलं. बंदरातल्या कंटेनरांचे आवाजसुद्धा त्यात बुडून गेले होते. पाचोळा इतका की उंदीर गेला तरी वाजावा. साडूभाऊ कॅमेऱ्यात डोळा घालून म्हणाले, "कडेला कोण आलं?" मी वळलो तर हा दहा हातांवर उभा, काठीसारखा ताठ. पाऊल वाजलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मी आधी त्याचे पाय बघितले. सरळ होते. "आजोबा, जरा बाजूला होता का?" साडूभाऊ म्हणाले. तो दोन पावलं सरकला आणि म्हणाला, "तुमी करा तुमचा काम. मी हाय हितं." आम्ही दुसऱ्या झाडाकडे गेलो, तर तिथेही कडेला तोच.

असं चार वर्षं चाललं. दर रविवारी. बाजूला व्हा म्हटलं की व्हायचा, आणि बटण दाबायच्या क्षणी पुन्हा कडेला यायचा. साडूभाऊ कॅमेरा इंचभर फिरवून त्याला बाहेर ठेवायचे, तरी राहिलाच तर छापताना कागदाची कड कापायचे, नाहीतर ती बाजू काळी करून टाकायचे. "गेला," असं समाधानाने म्हणायचे. मला मात्र त्या काळ्या पट्ट्यांकडे बघताना मानेवर काटा यायचा. त्याला हवंय तरी काय, हे आम्ही दोघांनी कधी विचारलं नाही.

मग एका रविवारी तो दिसला नाही. आम्हाला दोघांनाही चुकल्यासारखं झालं. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही निघणार एवढ्यात एक तिशीचा माणूस मोटरसायकलवरून आला. डोकं नुकतंच भादरलेलं. "झाडांचे फोटो काढणारे साहेब इथंच राहतात ना? बाबा नेरूळ बोललेले, विचारत आलो. मी त्या म्हाताऱ्यांचा मुलगा. बाबा गेले आमचे, काल आठ दिवस झाले. येत्या गुरुवारी तेरावं हाय. घरात फोटो नाय एक पण. मतदान कार्डावर नुसता काळा ठिपका हाय." मग जरा हसून म्हणाला, "पण टेन्शन नव्हतं मला. चार वर्षं दर रविवारी शर्ट घालून निघायचे, फोटोला जातो बोलायचे. तुमच्याकडे ढीग असतील. एक चांगला द्या, हार घालायला."

साडूभाऊंनी खरं सांगायला हवं होतं, पण तोंडातून निघालं, "हो, हो. आहेत ना. बुधवारी घेऊन येतो."

तो गेल्यावर ते जिन्यातच खाली बसले. "तो फोटोसाठी उभा राहत होता," ते म्हणाले, "आणि मी त्याला कापत होतो."

त्या दुपारी आम्ही दोघांनी बाथरूममध्ये कोंडून घेतलं. छापलेल्या फोटोंत म्हातारा नव्हताच, पण निगेटिव्ह अजून कापलेल्या नव्हत्या. साडूभाऊंनी खोडं, साली, भेगा सगळं सोडलं आणि फक्त कडा मोठ्या करून छापायला सुरुवात केली. लाल उजेडात कागद औषधाच्या पाण्यात हलायचा. आधी भेगा उमटायच्या, मग भेगांच्या पलीकडे एक कान. दुसऱ्या कागदावर खांदा आणि बटण. तिसऱ्यावर कोयत्याचा हात. ज्या फोटोंत तो नव्हता अशी आम्ही पैज लावली असती, त्यांतही तो होता. ऐनाच्या सालीचा फुगवटा म्हणून इतकी वर्षं मिरवलेला भाग म्हणजे त्याचा गुडघा निघाला. एकेक कागद वर येत होता आणि प्रत्येकात तो आमच्याकडेच बघत होता. वर्षं उलटत होती तसा शर्ट त्याच्या अंगावर सैल होत होता. बाप रे, आपल्या समोर एक माणूस झिजत गेला आणि आपण तिपाई सरळ करत होतो! मला तिथे उभं राहवेना, पण दार उघडलं असतं तर कागद खराब झाले असते.

चेहरा म्हणावा असा एकाच निगेटिव्हमध्ये सापडला, तोही अर्धा. एक डोळा, अर्धं नाक, ओठाची एक बाजू. बाकीच्या अर्ध्यावर ऐनाचं खोड. साडूभाऊ मंगळवारपर्यंत त्याच्याशी झुंजले. शेवटी त्यांनी तोच अर्धा भाग आरशातल्यासारखा उलटा करून शेजारी छापला आणि नाकावर असा सांधा जुळवला की शोधून सापडू नये. पूर्ण चेहरा तयार झाला. मी बघितला आणि नजर काढून घेतली. दोन्हीकडे तंतोतंत सारखा असलेला तो माणूस कोण होता देव जाणे, आम्हाला रानात भेटलेला नव्हता. साडूभाऊंनीही तो फोटो पालथा घातला. पण बुधवारी दोन्ही फोटो बरोबर घेतले.

गावातल्या त्या घरात त्याची म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. साडूभाऊंनी आधी पूर्ण चेहऱ्याचा फोटो दिला. तिने तो उजेडाकडे धरला आणि पदर सावरत सरकून बसली. "ह्यो कोन?"

साडूभाऊंनी अर्ध्या चेहऱ्याचा फोटो पुढे केला. म्हातारीने तोही उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "ह्यो हाय. पन झाराच्या मागं कनाला लपलाय?"

मी मनात म्हटलं, सांगा ना, लाजाळू होते म्हणून सांगा. कोण विचारायला येणार आहे? पण साडूभाऊ तिच्यासमोर मांडी घालून बसले. "ते लपले नाहीत, मावशी. मीच लपवले. मला झाडाचा फोटो हवा होता. ते मधे यायचे म्हणून मी चार वर्षं त्यांना कापून टाकत होतो. माझ्याकडे त्यांचा एवढाच फोटो आहे."

मुलगा दारात उभा होता, त्याची मान खाली गेली. म्हातारी मात्र फोटोवरून बोट फिरवत राहिली.

"त्यांना म्हाईत होतं," ती म्हणाली. "घरी येऊन बोलायचं, सायब माजा फोटू नाय काढत, झाराचा काढतं. मी बोलले, मंग शर्ट घालून कनाला जाताव? तं म्हनं, कवातरी फोटूत येन. एकदा तरी येन."

मग तिने फोटो मुलाकडे दिला. "आलं नं बघ. लाव भिंतीला."

साडूभाऊ तिथेच रडले. मी त्यांना एवढ्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, कुणाच्या मयतीलाही नाही. म्हातारीनेच त्यांना पाणी दिलं.

आमचे रविवार त्यानंतरही चालू राहिले. साडूभाऊ अजून सालीच्या भेगाच टिपतात, ताईचा लग्नाचा वाढदिवस अजून विसरतात. फक्त आता कडा कापत नाहीत, निगेटिव्हच्या काळ्या किनारीसकट फोटो छापतात. आणि बटण दाबण्याआधी उगाच थांबतात. एकदा धुक्यात असेच थांबले, तेव्हा माझे पाय गारठले होते, मी वैतागून विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही," ते म्हणाले. "कुणाला यायचं असेल तर येऊ दे."

मी मग तिपाई धरून त्यांच्याबरोबर थांबलो.