तांबडा ताव, पांढरा ताव

...आणि मग कावेरीबाईनं तो तक्ता विज्ञानाच्या बसवंत सरांच्या टेबलावर अंथरला. काल इथवर आलो होतो. बाई रागावली की आवाज चढवत नाही, उलट खाली आणते. अख्ख्या जळकोटला हे ठाऊक, म्हणून शाळेचा शिपाई आधीच दाराबाहेर सरकला होता.

तक्ता नातीचा, नववीतल्या गीतांजलीचा. ताऱ्यांचे प्रकार आणि त्यांचं आयुष्य. निळा तारा सगळ्यात तापलेला, मग पांढरा, पिवळा, आणि तांबडा सगळ्यात कमी. सरांनी त्यावर भली मोठी फुली मारलेली. खाली पोरीनं लिहिलं होतं, मोठा तारा लवकर संपतो, लहान तांबडा लई टिकतो. तिथं दुसरी फुली. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाची यादी त्याच दिवशी जायची होती, आणि त्या दोन फुल्यांपायी गीतांजलीचं नाव कटलं होतं.

सर म्हणाले, "मावशी, गिझरचा नळ बघा. गरमला लाल, थंडाला निळा. पोरीनं सगळं उलटं केलंय."

आता हे सांगायचं कुणाला? कावेरीबाई रेणापूरहून लग्न होऊन आली ती थेट लोहाराच्या भात्यापाशी. पंचेचाळीस वर्षं झाली, नवरा ग्यानोबा घण मारतो आणि ही ताव, म्हणजे भट्टीची धग, सांभाळते. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण लोखंड भट्टीतून कधी काढायचं हे ग्यानोबा अजून तिलाच विचारतो.

"नळाला रंग कंपनीनं दिला, सर. लोखंडाला कुनी देत न्हाई. तांबडं झालं तर नुसतं वाकतं. पिवळं होऊन पांढरं झालं की मग सांधा बसतो. निळं आमच्याकडं होतच न्हाई, तेवढा ताव आणावा कुठून?"

सर हसले. "बरं, पण मोठ्यात जळण जास्त. मग तो जास्त टिकणार का कमी?"

"मोठा ढीग लावा अन् भाता जोरात हाणा. दुपारच्याला राख. चिमूटभर निखारा राखेत झाकून ठेवा, सकाळी त्याच्यावरच चूल पेटवते मी."

"भट्टी वेगळी, शास्त्र वेगळं, मावशी."

बाईनं पिशवीतून शाळेच्याच वाचनालयाचं पुस्तक काढलं. पोरीनं पानात दोरा घालून ठेवला होता. "मला वाचता येत न्हाई. तुम्हाला येतंय. वाचा."

सर वाचू लागले. निळ्या ताऱ्याचं वाचलं, लहान तांबड्याचं वाचलं. आपला सूर्यसुद्धा म्हातारपणी फुगून तांबडा होणार आणि शेवटी आकसून पांढरा गोळा उरणार, इथवर येईतो त्यांचा आवाज बाईपेक्षाही खाली गेला.

"बरोबर हाय पोरीचं," ते म्हणाले. "नाव घालतो मी. पण या फुल्या वाईट दिसतात. संध्याकाळपर्यंत नव्या कागदावर काढून आणायला सांगा तिला."

कावेरीबाईनं टेबलावरचा पेन उचलून त्यांच्यापुढं धरला.

"चुकलात तुम्ही, अन् पुन्हा काढायचं पोरीनं? न्हाई जमायचं. हाच कागद जाईल तालुक्याला, फुल्यांसकट. दोन्ही फुल्यांशेजारी तुमच्या हातानं लिवा, पोरीचं बरोबर, माझं चूक. अन् खाली सही करा. मी उभी हाय इथं."